एकाच पोरीवरची पीएचडी

जागृती मॅडमनी पीएचडीसाठी एकच मुलगी घेतली, तेव्हा शहादा तालुक्यातले झाडून सारे खेळाचे शिक्षक हसले. तिच्याबरोबरच नाव नोंदवलेला धीरज नावाचा एक गडी होता. त्यानं तीनशे कबड्डीपटू घेतले होते, तीनशे प्रश्नावल्या, तीनशे उड्या, तीनशे वजनं. तो भेटला की विचारायचा, मॅडम, तुमच्या सॅम्पलला सर्दी झाली तर पीएचडीला सुट्टी का? गंमत म्हणजे याचं खरं उत्तर ‘हो’ असंच होतं. एकदा सॅम्पलला गालगुंड झालं, तेव्हा पीएचडी नऊ दिवस अंथरुणात होती.

जागृती मूळची तळोद्याची. वडील डोंगरातल्या गावांकडे जीप चालवायचे. दहा जणांच्या जीपमध्ये बावीस माणसं, दोन बोकड आणि एक शिलाई मशीन बसवून वर मागच्या माणसाला म्हणायचे, जरा सरका, अजून एक जण शे. त्या जीपच्या बॉनेटवर बसून ती लहानाची मोठी झाली. मग कबड्डी खेळली, विद्यापीठापर्यंत खेळली, गुडघा गेला, शिक्षिका झाली. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी आणि आवाज तापीच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाईल एवढा. तिला राग चटकन यायचा आणि तितक्याच चटकन हसू यायचं, त्यामुळे वर्गातल्या मुलांना नेमकं कशाला घाबरायचं ते कधी कळलं नाही. एक वाक्य मात्र तिच्यासमोर कुणी बोलायची सोय नव्हती. ते म्हणजे, ‘तू बस बाळा, तुला नाही जमणार.’

तिची शाळा सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीकाठच्या एका गावात आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर गाव रागावेल, आणि खूश झालं तर सत्कार ठेवेल, ते जास्त अवघड. केळी, ऊस आणि कापूस पिकवणारं, घराघरापुढे ओटे असलेलं गुजर मंडळींचं गाव. तिथल्या शाळेत पाचवीत रोशनी होती.

रोशनीचा डावा हात आणि डावा पाय जन्मापासून अशक्त. हाताची मूठ मिटलेली, पाय जरा ओढत चालायची. तोंड मात्र दोघांच्या वाटणीचं. खेळाचा तास लागला की बाकीची मुलं मैदानावर आणि रोशनी व्हरांड्याच्या पायरीवर, असा पहिलीपासूनचा शिरस्ता होता. तिच्याकडे सगळ्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला दिलेल्या असत. तिनं त्या पायरीचं ठाणं करून टाकलं होतं. कुणी न विचारता बाटली उचलली तर नाव लिहून घ्यायची. जागृतीनं आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला तू का खेळत नाहीस म्हणून विचारलं, तर पोरीनं तिच्याकडे जराशी कीव केल्यासारखं पाहिलं आणि म्हणाली की मी ड्युटीवर आहे.

हेडमास्तर शांतीलाल सर वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कागद लागायचा. पोरगी मैदानावर पडली, दात पडला, तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न. जागृतीनं त्यांचं डोकं खाऊन खाऊन एवढं कबूल करून घेतलं की शाळा सुटल्यावर अर्धा तास ती रोशनीला एकटीला शिकवेल आणि त्यावरच पीएचडी करेल. पीएचडी मान्य झाली, म्हणजे विद्यापीठानं लिहून दिलं की या पोरीला खेळता येतं, तर सर रोशनीला खेळाच्या तासाला इतर मुलांबरोबर घेतील. नाही झाली तर पायरी. हे त्यांनी तोंडी कबूल केलं, आणि जागृतीनं लगेच लेखी करून घेतलं.

असा सगळा डाव एका मुलीवर लागला. आता एका मुलीवर संशोधन होतं कसं, ते सांगायला हवं, कारण धीरजला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

लोणखेड्याच्या कॉलेजात तिचे मार्गदर्शक होते दिलवरसिंग सर. धडगावकडच्या पाड्यावरून शिकून वर आलेले, मोजकं बोलणारे, आणि बोलण्याआधी चष्मा पुसणारे. चष्मा जितका वेळ पुसला जाई तितकं पुढचं वाक्य महत्त्वाचं, हे विद्यार्थ्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिला समजावलं की शंभर मुलांची सरासरी काढली तर ती सरासरी त्या शंभरांतल्या एकाही मुलाची नसते. ज्या मुलाचं शरीर इतरांपेक्षा निराळं, त्याची तुलना त्याच्याशीच करायची. याला एकल-व्यक्ती संशोधन म्हणतात. तीन कौशल्यं निवडायची. समजा, चेंडू झेलणं, चेंडूला लाथ मारून दोन दगडांमधून घालवणं आणि भिंतीवरच्या चक्रावर चेंडू फेकणं. काहीही न शिकवता आधी तिन्ही मोजायची. मग फक्त झेल शिकवायचा. बाकी दोन्हींना हात लावायचा नाही, नुसतं आठवड्यातून एकदा मोजायचं. झेलाची रेघ वर गेली आणि बाकी दोन्ही सपाट राहिल्या, की मग लाथ शिकवायची, आणि शेवटी फेक. ज्याला शिकवलं तीच रेघ दर वेळी उठली, तर म्हणता येतं की पोरगी शिकवण्यामुळे शिकली. नाहीतर कुणीही म्हणेल की वय वाढलं, ऊन-पाऊस लागला, आपोआप आलं.

जागृतीला हे इतकं आवडलं की ती परतीच्या एसटीत एकटीच हसत होती आणि कंडक्टरनं तिला दोनदा तिकीट विचारलं.

पण यात एक मेख होती. मोजणारा माणूस एक असून चालत नाही. दुसऱ्यानं स्वतंत्रपणे मोजायचं आणि दोघांचे निर्णय जुळले पाहिजेत, नाहीतर मॅडमनी मायेपोटी दोन झेल जास्त लिहिले असं कुणीही म्हणेल. शाळेतले शिक्षक कुणी निवडणुकीच्या याद्यांत, कुणी ऑनलाइन माहिती भरण्यात गळ्यापर्यंत बुडालेले. रोज शाळेत रिकामा बसलेला एकच माणूस होता, रोशनीला घ्यायला येणारे तिचे आजोबा, चुनीलाल आबा.

आबा तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर आली की आबा आधी तिला एकदा मोजत, मग पुढे-मागे करायला लावून पुन्हा मोजत, आणि चेहरा आवडला नाही तर तिसऱ्यांदा मोजत. कारखाना सुटला, सवय सुटली नाही. घरात पाहुण्याला दिलेल्या आंब्यांची संख्यासुद्धा ते पाहुण्यादेखत दोनदा मोजायचे. दिलवरसिंग सरांनी आधी नकारच दिला. आजोबा नातीचे झेल मोजणार म्हणजे प्रत्येक चेंडू झेलच असणार, असं त्यांचं म्हणणं. जागृतीनं एक दिवस नुसती परीक्षा घेऊन पाहिली. वीस चेंडू टाकले. तिनं रोशनीचे चार झेल लिहिले. आबांनी एक लिहिला.

तिनं विचारलं, आबा, बाकीचे तीन? आबांनी शांतपणे सांगितलं की एक छातीवर थांबला पण हलत होता, एकात पोरीनं हनुवटी लावली, आणि तिसऱ्याच्या वेळी मॅडम, तुम्हीच खोकलात.

“मॅडम, काटा सगळास्ले सारखा ऱ्हास,” ते म्हणाले. “नात ती घरमा.”

हे ऐकून दिलवरसिंग सरांनी चष्मा पुसला आणि आबांना मान्यता दिली.

मग झेल म्हणजे नेमकं काय, यावर चार दिवस गेले. जागृतीनं लिहिलं की चेंडू जमिनीला न लागता दोन हातांत, किंवा हात आणि छाती यांच्यात दोन सेकंद थांबला, तर झेल. आबांनी विचारलं, दोन सेकंद कुणाच्या घड्याळाचे? मग मोबाइलचं घड्याळ आलं. मूठ मिटलेली असेल तर तो हात धरायचा की नाही? धरायचा, मनगटसुद्धा हातच. हनुवटी? हनुवटी नाही, असं आबा म्हणाले. रोशनी म्हणाली, हनुवटी पाहिजे, ती माझीच आहे. मतदान झालं. हनुवटी दोन विरुद्ध एक मतानं पडली आणि रोशनीनं सभात्याग केला.

जूनमध्ये काही न शिकवता मोजलं. झेल वीसपैकी दोन, तीन, दोन, एक. लाथ शून्य, शून्य, एक, शून्य, कारण उजव्या पायानं मारायचं म्हणजे क्षणभर डाव्या पायावर उभं राहायचं, आणि तो पाय तर रोशनीला आपला वाटतच नव्हता. फेक वीसपैकी एक. दोघांचे निर्णय पंच्याण्णव टक्के जुळले. जुलैत झेल शिकवायला सुरुवात झाली. आधी फुगा, मग हवा कमी केलेला मोठा रबरी चेंडू, मग थोडा लहान. जागृती तीन पावलांवरून टाकायची, मग चार, मग पाच. ‘बघ, हात पुढे, ओढून घे’ एवढंच बोलायचं, तिसऱ्या आठवड्यापासून तेही नाही. फुग्याच्या दिवसांत रोशनी एवढी हसायची की फुगा बिचारा तिच्या डोक्यावर येऊन बसायचा आणि आबा गंभीर चेहऱ्यानं लिहायचे, ‘डोके. अमान्य.’

रेघ चढत गेली. पाच, सात, सात, दहा. जागृती आलेखाचा कागद वर्गात, बसमध्ये, स्वयंपाकघरात घेऊन फिरायची. पोळ्या लाटता लाटता तिच्या नवऱ्याला दाखवायची. नवरा पंपदुरुस्तीचं काम करणारा साधा माणूस. त्यानं एकदा रेघ बघून विचारलं की व्होल्टेज शे का? तिनं हो म्हणून सांगितलं. तिला खरंच तसंच वाटत होतं.

मात्र बुधवार आला की तिची वेगळीच पंचाईत व्हायची. बुधवारी न शिकवलेल्या दोन गोष्टींची मोजणी. त्या रेघा सपाट राहायलाच हव्या होत्या. म्हणजे जी बाई आयुष्यभर ‘तुला जमेल’ म्हणत आली, ती आता मैदानाच्या कडेला उभी राहून मनात घोकायची, देवा, हिची लाथ चुकू दे. चेंडू दगडाच्या बाहेरून गेला की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच वाईट वाटायचं. असं वीस वेळा.

आणि जुलैच्या शेवटच्या बुधवारी लाथेची रेघ उठली.

आधी दोन. पुढच्या बुधवारी चार. त्यापुढच्या बुधवारी वीसपैकी सात. सातवा चेंडू दोन दगडांच्या बरोबर मधून गेला तेव्हा रोशनी डाव्या पायावर क्षणभर उभी राहिली होती, सरळ, हात पसरून. खाली पाय टेकवून ती मॅडमकडे वळली, आणि तिला मॅडमचा चेहरा दिसला. जागृतीचा चेहरा लपवता येण्यासारखा नाहीच. त्यावर तेव्हा स्पष्ट लिहिलेलं होतं की सगळं बुडालं.

रोशनीचे पसरलेले हात खाली आले.

“मन्हा बॉल गया, तुम्हले आवडनं नही का?” तिनं विचारलं.

जागृतीला त्या क्षणी पीएचडी, आलेख आणि स्वतःचं सगळं शिक्षण तापीत नेऊन बुडवावंसं वाटलं. तिनं पळत जाऊन पोरीला उचललं, गरागरा फिरवलं, आवडलं गं, खूप आवडलं, म्हणाली. पण रोशनी काही बुद्दू नव्हती. एकदा पाहिलेला चेहरा तिनं पाहिला होता, आणि घरी जाताना ती नेहमीसारखं वळून ‘टाटा’ म्हणाली नाही.

जागृतीनं रात्र कशीबशी काढली आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट रोशनीच्या गल्लीत गेली. कुणीतरी पोरीला चोरून शिकवतंय एवढं तिला कळलं होतं. तिनं रस्त्यानं चांगले कडक शब्द जमवून ठेवले होते.

गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. दोन्ही बाजूंचे ओटे माणसांनी भरले होते. बायका मांडीवर भाजी घेऊन, पुरुष बनियनवर, म्हातारे काठीवर हनुवटी टेकून. मधोमध दोन विटा मांडलेल्या, त्यांच्यापासून दहा पावलांवर रोशनी, आणि एका खुर्चीवर चुनीलाल आबा, गुडघ्यावर वही, नाकावर चष्मा. रोशनीनं चेंडूला लाथ घातली. चेंडू विटेला लागून बाहेर गेला. ओट्यांवरून हळहळ उठली. शेजारची धनुबाई न राहवून बोलली की पोरी, पाय जरा तिरपा कर. आबांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी धनुबाईला सगळ्या गल्लीसमोर सुनावलं की इथे कुणीही शिकवायचं नाही, मॅडमची सक्त ताकीद आहे, आणि शिकवणाऱ्यानं आपापल्या घरात जायचं. धनुबाई मेथीची जुडी घेऊन खरोखर घरात गेली. दाराची फट मात्र उघडी ठेवली. मग आबांची नजर जागृतीवर पडली आणि ते अभिमानानं उभे राहिले.

“शिकाडं नही, मॅडम. शप्पत,” ते म्हणाले. “फक्त मोजं.”

मोजं म्हणजे किती? सकाळी वीस, दुपारी वीस, संध्याकाळी वीस. गेले पंचवीस दिवस. एका वेळच्या वजनावर आबांचा कधीच विश्वास नव्हता. आठवड्यातून एकदा मोजून मॅडमचं काय होणार, म्हणून त्यांनी आपल्या परीनं काटा पक्का केला होता. वहीत तारीख, वेळ, वारा होता की नव्हता, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. रोशनीची आई ममता रोज साक्षीदार म्हणून सह्या करून इतकी वैतागली होती की तिनं शेवटी आठ दिवसांच्या सह्या आगाऊ देऊ केल्या. आबांनी अर्थातच नाकारल्या. पंधराशे चेंडू झाले होते. पोरीला कुणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. फक्त पंधराशे वेळा चेंडू तिच्यापुढे ठेवला होता आणि आख्खी गल्ली तो जावा म्हणून श्वास धरून बसली होती.

जागृतीचे जमवलेले कडक शब्द कुठे गेले कोण जाणे. तिनं आधी ‘आबा’ म्हणून तोंड उघडलं, मग ती जवळच्या ओट्यावर बसली, आणि मग तिला हसू आलं. ते थांबेना. पोटात कळ येईपर्यंत ती हसली. गल्लीला काय झालं ते कळलं नाही, पण मॅडम हसतात म्हणजे काहीतरी चांगलं असणार, म्हणून गल्लीही हसायला लागली. रोशनीही जवळ येऊन हसली. आबा तेवढे गंभीर होते. ते म्हणाले, फेकीचं मोजायचं राहिलं, चक्र भिंतीवर काढू का म्हटलं तर घरात रंग नवा दिलाय म्हणून बायको प्रमिलाबाई काढू देत नाही, तुम्ही सांगून बघा. जागृती मनातल्या मनात प्रमिलाबाईंच्या पाया पडली आणि तिनं आबांना सांगितलं की भिंतीला हात लावू नका, आणि मी सांगेपर्यंत घरी एकही चेंडू मोजू नका.

हसू ओसरल्यावर बसमध्ये भीती आली. तीन रेघांतली एक वेळेआधी उठली होती. आराखड्याला भोक पडलं होतं. धीरजला कळलं तेव्हा त्यानं खऱ्या आपुलकीनं सल्ला दिला की मॅडम, त्या तीन बुधवारांच्या जागी शून्य टाका, रेघ सपाट होईल, आबांची वही कोण बघायला येतंय? आणि हेही खरं होतं की कुणीच आलं नसतं. तीन आकडे बदलले असते तर पीएचडी बिनघोर होती, आणि रोशनी मैदानावर होती. जागृतीनं दोन दिवस खोडरबर हातात घेऊन काढले. पण त्या शून्यांतलं एक शून्य डाव्या पायावर हात पसरून उभं राहिलं होतं. ते पुसायला तिचा हात होईना.

ती वही घेऊन लोणखेड्याला गेली. दिलवरसिंग सरांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं, मग पंख्याखाली बसून शेवटपर्यंत वाचली. चष्मा इतका वेळ पुसला की तिला घाम फुटला. मग त्यांनी सांगितलं की जसं झालं तसं लिहा. वही परिशिष्टात जोडा. लाथेचं मोजणंच शिकवणं ठरलं, हे उघड सांगा. झेल आणि फेक या दोन रेघा स्वच्छ आहेत, पण दोन पुरतील की नाही ते परीक्षकांच्या हातात आहे. नापास होऊ शकता, असंही त्यांनी सांगितलं, कारण खोटा धीर देणं त्यांना कधी जमलं नाही.

तिनं तसंच लिहिलं. ऑक्टोबरमध्ये फेक शिकवली. ती रेघ तोवर सपाट होती आणि शिकवल्यावरच उठली. सगळं बांधून झालं, आणि पुढच्या वर्षी खुल्या तोंडी परीक्षेची तारीख आली. तोवर रोशनी सहावीत गेली होती, आणि खेळाच्या तासाला अजून पायरीवरच होती.

परीक्षक म्हणून बाहेरून एक बाई आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, धारदार. सभागृहात मागच्या रांगेत धीरज आणि हात बांधून बसलेले शांतीलाल सर, आणि पहिल्या रांगेत धुवट धोतर-टोपीत चुनीलाल आबा. जागृतीनं पहिला अर्धा तास बरा काढला. मग बाईंनी पान उलटलं आणि दुसऱ्या आलेखावर बोट ठेवलं. ही रेघ तुम्ही शिकवण्याआधी तीन आठवडे वर चढते आहे, म्हणाल्या. मग तुमच्या शिकवण्याचा काय उपयोग?

जागृतीनं सगळं सांगितलं. ओटे, विटा, सकाळ-दुपार-संध्याकाळ. सांगताना तिच्या लक्षात आलं की मागे शांतीलाल सर पुढे वाकून ऐकताहेत. बाईंनी विचारलं, हे आजोबा इथं आहेत का? आबा उभे राहिले. टोपी सारखी केली. तुम्ही शिकवलं का म्हटल्यावर नाही म्हणाले. फक्त मोजलं? हो म्हणाले. एका दिवसाला साठ? साठ.

मग बाईंनी पेन खाली ठेवून अगदी साधेपणानं विचारलं, “आजोबा, हे सगळं सुरू होण्याआधी मुलीच्या पुढे असे किती चेंडू आले होते? जन्मापासून?”

आबा मोजायला लागले. सगळ्यांना दिसलं की ते खरोखर मोजताहेत, ओठ हलताहेत. मग ओठ थांबले. तीस वर्षं काट्यावर काढलेला माणूस, त्याला आकडा सापडेना असं कधी झालं नव्हतं.

“एक बी नही,” ते म्हणाले. “दहा वरीस व्हयनात, कोनी टाकाच नही. मी बी नही टाका.”

आणि तिथेच, टोपी हातात घेऊन, चुनीलाल आबा रडले. जागृती रडली. दिलवरसिंग सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. बाई समोरच्या कागदावर खूण करत म्हणाल्या की हा मुद्दा निष्कर्षांत दोन ओळींत आलाय, तो एक पूर्ण प्रकरण करून द्या, महिनाभरात, बाकी माझी हरकत नाही. सगळ्यांना कळायला जरा वेळ लागला की ती पास झाली आहे. कळल्यावर पहिली टाळी धीरजनं वाजवली, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

शांतीलाल सरांनी महिन्याभराची वाट पाहिली नाही, विद्यापीठाच्या पत्राचीही नाही. ते त्या दिवशी तडक निघून गेले, आणि सोमवारी खेळाचा तास लागताच स्वतः व्हरांड्यात आले. रोशनीच्या पुढ्यातल्या बाटल्या त्यांनी स्वतःच्या हातानं उचलून भिंतीकडेला नेऊन ठेवल्या. पोरीनं त्यांचंही नाव लिहून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की जा, खेळ.

डॉजबॉल होता. जागृतीनं दोन संघ पाडले आणि रोशनीला आत उभं केलं. सहाव्या मिनिटाला संगनमतानं दोन पोरांनी तिच्यावर चेंडू मारला. तो तिच्या कमरेपाशी लागला. जागृतीनं शिटी मारून हात वर केला, बाद.

“ड्रेसले लागना, मले नही,” रोशनी कडाडली.

जागृतीनं सांगितलं, बाद म्हणजे बाद, बाहेर जा. रोशनी गेली, पण कशी गेली. पाय आपटत, दोन्ही पाय आपटत, डावाही. मॅडम एका बाजूच्या आहेत, असं मोठ्यानं सांगत. दिवसभर ती जागृतीशी बोलली नाही, समोरून जाताना मान फिरवून गेली. जागृतीला दिवसभर जेवण गेलं नाही इतका आनंद झाला होता.

शाळा सुटताना शांतीलाल सरांनी तिला बोलावलं आणि एक घडी घातलेला कागद पुढे केला. वहीचं फाडलेलं पान होतं, अक्षर उजव्या हातानं घाईत काढलेलं. मा. मुख्याध्यापक साहेब, आज जागृती मॅडमनी मला चुकीचे बाद दिले. चेंडू ड्रेसला लागला होता. तरी मॅडमवर कारवाई व्हावी आणि मला उद्या माझी राहिलेली पाळी मिळावी. खाली रोशनीची सही, इयत्ता सहावी. त्याखाली, आम्ही पाहिले आहे, असं लिहून तिच्या संघातल्या अकराही पोरींच्या सह्या होत्या.

सरांनी विचारलं, मॅडम, खरं काय? जागृतीनं सांगितलं की चेंडू शंभर टक्के लागला होता, पोरगी धडधडीत खोटं बोलते आहे, अकराच्या अकरा खोटं बोलताहेत. एवढं सांगता सांगता तिचे डोळे वाहायला लागले. सरांनी आपला रुमाल तिच्याकडे सरकवला, कागद परत घेतला आणि त्यावर ‘उद्याची पाळी मंजूर’ असं लिहून आवक नोंदवहीत चढवायला शिपायाकडे पाठवला.